जुनं सेस्ना विमान घ्यायचंय फिरायला – कमी तासांचं पण उभं असलेलं घ्यावं की जास्त तासांचं उडतं?

केळीबाग_यावल

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला, केळीची शेती आणि थोडा केळी भरायचा व्यापार. दोन वर्षांपूर्वी पीपीएल (खाजगी वैमानिकाचं लायसन्स) काढलं, आत्तापर्यंत ९२ तास झाले, सगळे भाड्याच्या विमानावर. पहिल्यांदा वरून आपला पट्टा बघितला तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे, खाली केळीच्या हिरव्यागार चौकटी, मधून तापी आणि उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा. तेव्हापासून मनात एकच आहे की स्वतःचं छोटं विमान घ्यायचं आणि मी आणि सौ. दोघांनी फिरायचं. दीव, उदयपूर, जमलं तर गोवा. रात्रीचं नको, ढगातलं नको, सकाळी निघायचं आणि ऊन चढायच्या आत पोचायचं एवढंच.

बजेट सगळं मिळून ४५ लाख. एक प्लॉट विकलाय त्याचे पैसे आहेत, कर्ज काढायचं नाही असं घरी ठरलंय.

सध्या दोन विमानं समोर आहेत, दोन्ही व्हीटी रजिस्ट्रेशनची, म्हणजे भारतात नोंदलेली.

पहिलं सेस्ना १५२, १९७९ चं. एका फ्लाइंग स्कूलचं. बॉडीचे ११,४०० तास, इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) होऊन ७८० तास आणि सहा वर्षं झालीत. गेल्या आठवड्यापर्यंत उडत होतं. पण रंग पार गेलाय, सीटा फाटल्यात, आत बसलं की जुन्या एसटीत बसल्यासारखं वाटतं. ३० लाख म्हणताहेत.

दुसरं सेस्ना १७२ एन, १९७८ चं, खाजगी मालकाचं. एकूण तास फक्त २,९००, इंजिन ओव्हरहॉलनंतर फक्त ३१० तास. चार सीट, रंग चकाचक, आतलं लेदर नवीन. पाच वर्षांपासून शेडमध्ये झाकून ठेवलंय कारण मालकाची तब्येत बरी नसते. ४२ लाख म्हणताहेत, थोडं कमी होईल.

मी तर १७२ च्या प्रेमात पडलोय खरं सांगतो. तास कमी, इंजिन जवळजवळ नवीन, सीटा चार. पण आयुष्यात एकदाच होणारा व्यवहार आहे म्हणून तुम्हा जाणकारांना विचारून राहिलो. काय करू?

---

पाना_बावीस

भाऊ, आधी थांबा. टोकन दिलं नसेल तर देऊ नका.

मी एएमई (विमान देखभालीचा इंजिनिअर) आहे, पिस्टन इंजिनांवर २६ वर्षं काम करतोय. तुम्ही जे "फक्त ३१० तास" लिहिलंय ना तिथेच मला धडकी भरली. ३१० तास झाले हे कळलं, पण ओव्हरहॉल कोणत्या साली झाला ते तुम्ही लिहिलंच नाही. लायकमिंगचं हे इंजिन २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, मग पुन्हा ओव्हरहॉल, असं कंपनी स्वतः सांगते. तास शिल्लक आहेत म्हणजे आयुष्य शिल्लक आहे असं नसतं.

आता कारण सांगतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) क्रँकच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद केलं की तेल हळूहळू खाली तेलाच्या टाकीत उतरतं आणि कॅम उघडा पडतो. आठवड्यात एकदा तासभर उडवलं तर तेल पुन्हा चढतं, इंजिन नीट तापतं, आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. पाच वर्षं उभं राहिलं म्हणजे पाच पावसाळे त्या कॅमवर दमट हवा बसली. आपल्याकडे लोकांना वाटतं खान्देश कोरडा, पण जुलै-ऑगस्टमध्ये शेडमधला पाना हातात घेऊन बघा, चार दिवसात तांबेरा धरतो. कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) गंजाचा एक बारीक ठिपका बसला की पुढे उडायला लागल्यावर टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व ढकलणारा भाग) त्यावरून घासतो, कडक थर उडतो आणि तो चुरा तेलातून सगळ्या बेअरिंगमध्ये फिरतो. हे लगेच कळत नाही, ५०-१०० तासांनी कळतं, तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

आणि त्यात तुमचं १९७८ चं एन मॉडेल. १९७७ ते ८० च्या १७२ एन ला ओ-३२०-एच२एडी इंजिन येतं. कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठीच ते इंजिन जगभर ओळखलं जातं. त्याच्या तेलात लायकमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे ऍडिटिव्ह टाकणं बंधनकारक आहे, लॉगबुकात प्रत्येक ऑईल चेंजला त्याची नोंद दिसली पाहिजे. नसेल तर तिथेच पुस्तक मिटा. शिवाय त्यात दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे) एकाच ड्राइव्हवर आहेत, मला व्यक्तिशः ते कधीच आवडलं नाही. नीट वापरलेली एच२एडी इंजिनं २००० तास आरामात जातात, मी स्वतः दोन बघितलीत, पण ती रोज उडणारी होती.

बघायला जाल तेव्हा हे करा. सोबत तुमचा एएमई न्या, मालकाचा नको. ऑईल फिल्टर कापायला लावा, आतला कागद घडी उलगडून उन्हात धरा, चमक दिसली तर चुंबक लावा, चिकटलं की ते स्टीलच. कॉम्प्रेशन इंजिन गरम असताना घ्या. ८० पीएसआय हवा आत सोडतात आणि किती टिकते ते बघतात, सत्तरच्या वर चारही सिलिंडर असले तर छान, साठच्या आसपास आलं तर नुसता आकडा बघू नका, कान लावा. एक्झॉस्टमधून फुसफुस ऐकू आली तर व्हॉल्व, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. पण नीट ऐका, कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे कॅम चांगला असं बिलकुल नाही, दोघांचा काही संबंध नाही. कॅम बघायचा तर एक सिलिंडर उतरवायला लागेल. मालक नाही म्हणाला तर नमस्कार करून परत या.

---

तापीकाठ

पाना दादांनी इंजिनाचं सांगितलं, मी फिरण्याचं सांगतो कारण मी गेली आठ वर्षं याच भागातून व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघत, ढगात न जाता) फिरतोय, आधी भाड्याने आणि आता चौघांत मिळून एक १७२ आहे.

केळीबाग भाऊ, चार सीट म्हणजे चार माणसं हे आधी डोक्यातून काढा. १७२ एन चं जास्तीत जास्त वजन १,०४३ किलो. रिकामं विमान जुन्या रेडिओ-बिडिओ सकट ६५० च्या आसपास, म्हणजे हातात राहिले ३९० किलो. टाक्या फुल केल्या की १०९ किलो पेट्रोलच झालं. उरले २८०. आपल्याकडची चार खाती-पिती माणसं बसली की संपलं, पिशवी ठेवायला जागा नाही. म्हणजे १७२ हे दोन-तीन माणसं, सामान आणि पूर्ण पेट्रोल असं विमान आहे, त्यासाठी ते उत्तमच आहे. तुम्ही दोघंच आहात तर १५२ सुद्धा पुरतं का हे स्वतःला विचारा. १५२ मध्ये टाक्या फुल केल्यावर साधारण १७० किलो उरतात. तुमचं आणि वहिनींचं वजन मांडा, उरलं ते सामान. कागदावर मांडा, अंदाजाने नाही, आणि त्या विमानाचं खरं वजनाचं पत्रक मागून मांडा कारण प्रत्येक विमानाचं वेगळं असतं.

दुसरं म्हणजे ऊन. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४४ डिग्री असताना हिशोब केला तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या घरात जातं. विमान उभं आहे केळीच्या बागेशेजारी पण इंजिनाला आणि पंखाला वाटतं आपण महाबळेश्वरात आहोत. १५२ समुद्रसपाटीला थंड हवेत मिनिटाला सातशे फूट चढतं, ते तिथे पाचशेच्या आसपास येतं, आणि धावपट्टीवरची धाव जवळजवळ दीडपट होते. म्हणून मार्च ते जून आम्ही सकाळी नऊच्या आत खाली असतो. दुपारी सातपुड्याच्या अंगाला जे थर्मल (गरम हवेचे झोत) उठतात त्यात १५२ अक्षरशः सुपातल्या दाण्यासारखं उडतं, वहिनींना पहिल्याच सफरीला तिथे नेऊ नका, परत बसणार नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे विमान विकणारा कधीच सांगत नाही. पेट्रोल. तुमच्या दोन्ही विमानांना एव्हीगॅस (विमानाचं पेट्रोल) लागतं आणि एअरलाइनचं विमान उतरतं त्या विमानतळावर एटीएफ (जेट विमानाचं इंधन) असतं, एव्हीगॅस बहुतेक ठिकाणी नसतं. आधी तर सगळं एव्हीगॅस बाहेरून यायचं, २६ सप्टेंबर २०२२ ला इंडियन ऑईलने हिंडनला देशी १०० एलएल (एव्हीगॅसचाच प्रकार) बाजारात आणलं, ते वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनतं, म्हणजे आपल्याला त्यातल्या त्यात जवळ. पण ते पिंपातून येतं, आधी कळवून, आधी पैसे भरून. साधा नियम, जिथे पिस्टनवाली फ्लाइंग स्कूल तिथे एव्हीगॅस मिळायची आशा, आणि तिथेही फोन करून खात्री केल्याशिवाय निघायचं नाही कारण आता बऱ्याच स्कूलकडे डायमंड कंपनीची डिझेल इंजिनाची विमानं आहेत, ती एटीएफवर चालतात.

म्हणून दीवचा हिशोब करून दाखवतो. जळगावहून दीव सरळ रेषेत २१० नॉटिकल मैलाच्या आसपास. १५२ ला सव्वादोन तास, तासाला २२-२३ लिटर धरलं तर ५० लिटर गेलं, आणि वापरता येतं एकूण ९३ लिटर. पोचलात छान. परत कसे येणार? तिथे एव्हीगॅसची सोय आधी झालेली नसेल तर अडकलात. १७२ तासाला तीसेक लिटर पितं पण टाकीत दीडशे लिटर मावतं, तरी जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास जातं, राखीव फार उरत नाही. म्हणजे तुमचा नकाशा विमान ठरवत नाही, पिंप ठरवतात. मी आधी पिंपांच्या जागा नकाशावर टिकल्या लावून मांडल्या आणि मग कुठे जायचं ते ठरवलं.

बाकी फिरणं मात्र स्वर्ग आहे. सुरतकडे जाताना तापी धरून चला, प्रकाशाचा बॅरेज, मग उकाईचं पाणी दिसायला लागतं ते संपतच नाही. परतताना हतनूर दिसलं की जळगाव मागे राहिलं समजायचं. प्रत्येक वेळी फ्लाइट प्लॅन, एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाणाच्या परवानगीचे क्रमांक) हे घेऊनच, त्यात शॉर्टकट नाही, आणि मावळायच्या बऱ्याच आधी खाली.

---

रोटॅक्स_प्रेमी_धुये

मला वाटतं भाऊंनी मायक्रोलाइट किंवा लाइट स्पोर्ट (अगदी हलकी छोटी विमानं) चा पण विचार करावा. त्यातलं रोटॅक्स ९१२ इंजिन साधं पेट्रोल घेतं, तासाला १८-२० लिटरच्या आसपास, पिंपाची कटकटच नाही, पंपावरून कॅन भरून आणा. टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधले तास) पण २००० तास.

---

पाना_बावीस

धुयेवाले भाऊ, तीन-चार वर्षांपूर्वी मी पण हेच सांगितलं असतं. पण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे आणि रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच. इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबराच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट खराब करतं, आणि उन्हात व्हेपर लॉकचा (नळीत पेट्रोलची वाफ अडकण्याचा) धोका वाढवतं. रोटॅक्सला एव्हीगॅस चालतं पण त्यातल्या शिशामुळे ऑईल आणि प्लग लवकर बदलावे लागतात. इंजिन फार गोड आहे, वाद नाही, पण पंपावरून कॅन भरून आणा हे आता कुणाला सांगू नका, विमान आहे ते.

---

सही_शिक्का

कागदाबद्दल थोडं. बाहेरून स्वस्तात आणू हा विचार कुणी मनात आणत असेल तर, खाजगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झालाय, आणि जुनं विमान आयात करताना डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) वय आणि रेकॉर्ड बघतं. भाऊंनी व्हीटी नंबरचीच बघितलीत हे बरोबर केलंत.

बघायचं काय तर पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं सलग आहेत का. मधलं एक पुस्तक "पुरात गेलं" असं कुणी म्हणालं तर त्या काळात काय घडलं हे कोणी सांगू शकत नाही. प्रॉप (पुढचा फिरता पंखा) कधी जमिनीला लागला होता का, लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याची नोंद आहे का. सगळ्या एडी (सक्तीच्या तपासण्या-दुरुस्त्यांचे आदेश) केल्याची यादी सही-शिक्क्यासकट. सेस्नाच्या सीटच्या पट्ट्यांची एडी आवर्जून बघा, भोकं झिजली की टेकऑफला सीट मागे सरकते आणि माणूस योक (हातातलं स्टिअरिंग) ओढून धरतो, त्यात जीव गेलेत. एआरसी (विमान उडण्यालायक असल्याचा तपासणी दाखला) चालू आहे का. पाच वर्षं उभं म्हणजे १७२ ची एआरसी संपलेली असणार, ती परत उभी करायला किती काम निघेल याचा आकडा लेखी घ्या आणि किमतीतून वजा करा. विमानावर बँकेचा बोजा नाही हे रजिस्ट्रेशनच्या कागदावर तपासा.

वर्षाचा खर्च पण मांडा भाऊ. हँगर, इन्शुरन्स, कॅमो (देखभालीवर नजर ठेवणारी संस्था), वार्षिक काम हे विमान एक तासही उडालं नाही तरी लागतंच. आणि इंजिनाची गंगाजळी. अमेरिकेत ओ-३२० चा ओव्हरहॉल ३०-४० हजार डॉलरच्या घरात जातो, रुपयात ३० लाख धरा, २००० तासांनी भागलं तर तासाला दीड हजार रुपये बाजूला टाकलेच पाहिजेत. ४५ लाख असतील तर ३० च्या वर विमान घेऊ नका, उरलेले पहिल्या दोन वर्षांत लागतील.

---

चाळीसगावची_लेक

मी उडवत नाही, माझे मिस्टर उडवतात, त्यामुळे मागच्या बाजूचं सांगते. आम्ही पण असंच चकाचक रंगाचं घेतलं होतं (कोणतं, कुणाचं ते नाव नको). पहिल्या पावसाळ्यात समजलं की डाव्या पंखाच्या आत रंगाखाली गंज आहे, वरून नवा रंग मारून झाकलेला. अकरा महिने विमान उभं राहिलं आणि घरात रोज त्यावरूनच बोलणं. म्हणून दादा, फाटक्या सीटकडे बघू नका, सीटा शिवून मिळतात. टॉर्च घेऊन पंखाच्या तपासणीच्या झाकणांमधून आत बघा, शेपटीच्या आत बघा, पांढरी पावडर दिसली तर तो ऍल्युमिनियमचा गंज.

आणि एक बाई म्हणून सांगते, वहिनींना विमान बघायला सोबत न्या. त्या त्या सीटवर तीन तास बसणार आहेत. आणि पिटो ट्यूबला (वेग मोजणारी बाहेरची नळी) कव्हर घालायची सवय त्यांनाही लावा, आमच्याकडे कुंभारमाशीने दोन दिवसात मातीचं घर बांधलं होतं तिथे, टेकऑफला स्पीडचा काटा हललाच नाही. मिस्टरांनी तिथेच थ्रॉटल मागे घेतला म्हणून बरं.

---

केळीबाग_यावल

मंडळी, तुमचे कसे आभार मानू. परवा १७२ बघून आलो, सोबत एक एएमई दादा होते. मालक सज्जन माणूस, त्यांनी सिलिंडर उतरवायला होकार दिला, खर्च माझा. हे आधी लिहितो कारण त्यांचा काही दोष नाही, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

आधी लॉगबुक. ओव्हरहॉल १७ वर्षांपूर्वीचा. शेवटच्या तीन ऑईल चेंजला त्या ऍडिटिव्हची नोंदच नाही. कॉम्प्रेशन ७४, ७६, ७२, ७५, मी तर खूश झालो होतो, म्हटलं पाना दादा उगाच घाबरवतात. मग फिल्टर कापला, फारसं काही नाही, उडालंच नाही तर येणार कुठून. मग तिसरा सिलिंडर काढला आणि दादांनी बॅटरी मारून मला म्हटलं बघ. कॅमच्या लोबवर देवीच्या व्रणासारखे खड्डे. बोट फिरवलं तर नखाला अडकत होते. एका टॅपेटच्या तोंडाचा कडक थर चंद्रकोरीएवढा उडालेला. मालक पण वाकून बघत होते, काही बोलले नाहीत, नुसता कपाळाला हात लावला. मला त्यांच्याकडे बघवेना. पाच वर्षं दर रविवारी ते स्वतः येऊन रंगाला पॉलिश करायचे, इंजिन दहा मिनिटं जमिनीवर चालू करून बंद करायचे.

---

पाना_बावीस

त्या दहा मिनिटांनीच घात केला भाऊ. जमिनीवर दहा मिनिटात तेल नीट तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. त्यापेक्षा हात न लावता प्रिझर्वेशन ऑईल (गंज रोखणारं तेल) भरून, डेसिकंट प्लग (ओलावा शोषणारे) लावून ठेवलं असतं तर वाचलं असतं. त्यांना सांगा, बॉडी चांगली असेल तर विमान वाया गेलेलं नाही, इंजिन ओव्हरहॉल करून किंवा इंजिनाची किंमत शून्य धरून विकता येईल.

---

केळीबाग_यावल

सांगितलं त्यांना, आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं. ते विचार करताहेत. मला म्हणाले तू पंधरा लाख कमी दे आणि इंजिन तू कर, पण मग माझं बजेट पार जातं आणि वर्षभर विमान वर्कशॉपमध्ये. मन होत नव्हतं पण नाही म्हणून आलो.

आता १५२. वजन मांडलं, मी ८४, सौ. ६१, झाले १४५. टाकी फुल करून २५ किलो सामानाला उरतात, दोन पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या एवढंच, चालेल. सौ. स्वतः बसून आली त्यात, म्हणाली सीट शिवून घेऊ, खिडकी मोठी आहे, दिसतं छान. तापीकाठ दादा, तुमचा पिंपांचा नकाशा मला पाठवाल का? आणि धुये किंवा शिरपूर बाजूला कुणी निम्म्या भागीदारीत यायला तयार असेल तर मला बोला, दोघांनी उडवलं तर विमान उभं राहणार नाही.

शनिवारी पहाटे चारला निघतोय, स्कूलचं पहिलं सॉर्टी (उड्डाणाची फेरी) खाली आलं की इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन घ्यायचं ठरलंय. टॉर्च, चुंबक आणि आरसा घेतलाय. आकडे रात्री इथेच टाकतो.